‘स्पर्मॅटोफायटा’ : बीजधारी वनस्पतींची संज्ञा आणि तिचा वापर

प्रस्तावना :
शास्त्रीय संज्ञा ही केवळ नाव नसते. तिच्यामागे एक विचार असतो. बीज निर्माण करणाऱ्या वनस्पतींसाठी ‘फॅनेरोगॅम्स’ आणि ‘स्पर्मॅटोफायटा’ या दोन संज्ञा अनेकदा समानार्थी म्हणून वापरल्या जातात. मराठीत त्यांच्यासाठी ‘सपुष्प’, ‘बीजधारी’, ‘बीजी’ आणि ‘बीजपत्री’ असे अनेक पर्याय रूढ आहेत. या पर्यायांतील भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञांची व्युत्पत्ती :
लिनियसने १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लांटेरम’ या ग्रंथात वनस्पतींचे २४ वर्ग केले. शैवाले, शेवाळी, नेचे आणि कवके यांना त्याने ‘क्रिप्टोगॅमिया’ या अखेरच्या वर्गात ठेवले. क्रिप्टोगॅमिया म्हणजे ज्यांचे मीलन गुप्त आहे अशा वनस्पती. याच्या विरुद्ध अर्थाने पुढे ‘फॅनेरोगॅम’, म्हणजे ज्यांचे मीलन प्रकट आहे ती वनस्पती, ही संज्ञा आली. एकोणिसाव्या शतकातील सूक्ष्मदर्शकीय संशोधनाने मात्र हा अर्थ उलटा ठरविला. शैवालांतील फलन १८५० च्या दशकात प्रत्यक्ष पाहता आले. पण फुलांच्या वनस्पतींत ते बीजकाच्या आत, दृष्टीआड घडत असल्याने त्यातील केंद्रकांचा संयोग स्ट्रासबुर्गर यांनी १८८४ मध्ये दाखवून दिला. ज्यांचे मीलन ‘प्रकट’ मानले गेले होते, त्यांचेच ते अधिक गुप्त निघाले.

‘स्पर्मॅटोफायटा’ ही संज्ञा ग्रीक ‘स्पर्मा’ (बीज) आणि ‘फायटॉन’ (वनस्पती) या शब्दांपासून बनली आहे. ती मीलनाविषयी काही सांगत नाही. बीज या प्रत्यक्ष लक्षणावरच ती आधारलेली आहे. परागनलिकेवरून दिलेले ‘सायफोनोगॅमा’ हे नावही काही काळ प्रचलित होते. तथापि १८९६ मध्ये हिरासे यांना गिंकोत आणि इकेनो यांना सायकसमध्ये पोहणारे पुंयुग्मक आढळले. या वनस्पतींत परागनलिका पुंयुग्मक वाहून नेत नाही, तर मुख्यतः अन्नशोषण करते, हे त्यामुळे स्पष्ट झाले. याउलट १९०३ मध्ये ऑलिव्हर व स्कॉट यांनी नेच्यासारखी पाने असलेल्या जीवाश्म वनस्पतींना बीजे होती हे सिद्ध केले, तेव्हा ‘बीजधारी’ या कल्पनेला बाधा आली नाही. उलट तिची व्याप्ती वाढली.

मराठी पर्यायांचा विचार :
‘सपुष्प’ हा पर्याय सुबोध असला तरी तो अपुरा आहे. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० च्या दशकात दाखविल्याप्रमाणे सायकस व सूचिपर्णी वृक्षांची बीजके अंडाशयात बंदिस्त नसून उघडी असतात. या प्रकटबीज वनस्पतींना रूढ अर्थाने फूल नसते आणि फळही नसते. त्यांच्या सुमारे १,००० जाती आज ज्ञात आहेत, तर आवृतबीज वनस्पतींच्या सुमारे ३ लाख आहेत. संख्येच्या या तफावतीमुळे ‘सपुष्प’ आणि ‘बीजधारी’ एकच वाटतात. परंतु महाविद्यालयाच्या बागेतील सायकस दाखवून ‘ही सपुष्प वनस्पती’ असे सांगितले, तर विद्यार्थ्याने त्यात फूल कोठे शोधावे?

‘बीजपत्री’ हा शालेय पाठ्यपुस्तकांतून परिचित झालेला शब्द दुसरी अडचण निर्माण करतो. बीजपत्र हा गर्भाचा एक भाग आहे. ‘एकबीजपत्री’ व ‘द्विबीजपत्री’ या संज्ञांत त्याचा हाच अर्थ अभिप्रेत असतो. तोच शब्द संपूर्ण गटाला लावल्यास वर्गीकरणाच्या दोन पातळ्या एकमेकींत मिसळतात.

उच्चारसाम्यामुळेही गोंधळ वाढतो. मराठी विश्वकोशात ‘बीजक’ म्हणजे फलनानंतर ज्याचे बीज होते तो अवयव, तर ‘बीजुक’ म्हणजे नेचे, शेवाळी इत्यादींची प्रजोत्पादक कोशिका. बीजात गर्भ, अन्नसाठा व आवरण असते. बीजुकात गर्भ नसतो. एका मात्रेच्या फरकाने बीजधारी आणि अबीजी यांतील मूलभूत भेद पुसला जाऊ शकतो. म्हणून अध्यापनात ‘बीजुक’सोबत ‘बीजाणू’ हा रूढ पर्याय सांगणे हितावह ठरेल.

समारोप :
‘स्पर्मॅटोफायटा’साठी ‘बीजधारी वनस्पती’, तिच्या अंतर्गत ‘प्रकटबीज’ व ‘आवृतबीज’, आणि केवळ आवृतबीज वनस्पतींसाठी ‘सपुष्प’ असा वापर सुसंगत वाटतो. ‘फॅनेरोगॅम’ ही संज्ञा वनस्पतिशास्त्राच्या इतिहासाचा भाग म्हणून अवश्य शिकवावी; मात्र तिचे शब्दशः भाषांतर लक्षण म्हणून सांगू नये. मराठी माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम मराठी शब्दच भेटतो. तो शब्द अचूक असेल, तरच त्यावर उभी राहणारी संकल्पना अचूक राहील.