नवा स्टिरिओ मुका का? दोष यंत्रात की जोडणीत?

मोटारीला नवा स्टिरिओ बसवून देणे हा आज शहरातच नव्हे, तर तालुक्याच्या गावातही चालता धंदा झाला आहे. वायरिंगचे काम शिकलेला तरुण थोड्या भांडवलात दुकान टाकतो, पडद्याचे सेट ठेवतो आणि दोन-तीन तासांत गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करतो. परंतु गाडीत कंपनीचा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर याच सोप्या कामात अनुभवी माणसेही फसतात. मग गिऱ्हाइकाचे पैसे जातात, दुकानाची पत जाते आणि पुष्कळदा एखाद्या गरीब कारागिराच्या रोजीवर येते.

मी कापडाचा व्यापारी. वायरिंग हा माझा विषय नाही. पण हा प्रसंग माझ्याच गाडीवर आला आणि त्यातून जे शिकायला मिळाले ते या धंद्यातील बांधवांच्या उपयोगी पडावे, म्हणून लिहीत आहे.

घडले ते असे

भिवंडीहून सुरतेला माझे महिन्यातून दोन-तीन फेरे होतात. त्यासाठी एक जुनी, पण चांगल्या अवस्थेतील सेडान घेतली होती. तिचा मूळ सेट बिघडल्यावर एका दुकानातून नवा पडद्याचा सेट बसवून घेतला. दुकानात रेडिओ लावून दाखवला, आवाज उत्तम आला, मी पैसे देऊन निघालो. वाटेत मोबाईल जोडला तर पडद्यावर सर्व काही दिसते, पण आवाज नाही. पेन ड्राइव्ह लावला तरी तेच. पुन्हा रेडिओ लावला की आवाज हजर!

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने सेट बदलून दिला. दोष तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितले, "शेठ, तुमच्या गाडीचा अ‍ॅम्प्लिफायर अर्धा जळाला आहे. नवा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर मिळून 22 हजार रुपये लागतील." काम करणाऱ्या मुलाने जोडणीत काही तरी जाळले असे धरून त्याचा आठवड्याचा पगारही अडवला. मुलगा विशीतला, घरात कमावणारा एकटाच. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, मी काही जाळलेले नाही."

मी गाडी घेऊन कल्याण रोडवरच्या एका वयस्कर मोटार इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्या मुलालाही सोबत नेले. उस्तादांनी तक्रार नीट ऐकून घेतली आणि पेचकस हातात घेण्यापूर्वीच म्हणाले, "अ‍ॅम्प्लिफायरला रेडिओ कोणता आणि मोबाईल कोणता हे कळत नाही. दोन्हींचा आवाज त्याच्याकडे त्याच वायरींतून येतो. जळालेला अ‍ॅम्प्लिफायर रेडिओ ओळखून वाजत नाही. दोष त्याला जागे करणाऱ्या वायरीत आहे."

दहा मिनिटांत दोष सापडला. एक वायर काढून शेजारच्या वायरीला जोडली, एवढेच काम होते.

अ‍ॅम्प्लिफायर वेगळा कशासाठी?

साध्या गाडीत आवाज मोठा करणारा भाग सेटच्या पोटातच असतो. खोक्यावर "50 वॅट गुणिले 4" छापलेले असले तरी हा क्षणभराचा उच्चांक असतो. सेटच्या आतील चिप सलग देते ती शक्ती दर स्पीकरमागे साधारण 15 ते 22 वॅट. यापेक्षा भरदार आवाज हवा म्हणून महागड्या मॉडेलमध्ये कंपनी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर देते. तो सीटखाली, डिकीच्या अस्तरामागे किंवा डॅशबोर्डच्या आत असतो.

ही पद्धत नवी नाही. अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले. अमर बोस यांनी 1964 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने जनरल मोटर्सबरोबर 1983 च्या मॉडेलांत गाडीसाठी खास ध्वनियोजना दिली, आणि तिच्यात प्रत्येक स्पीकरच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर होता. आज आपल्याकडेही बोस, जेबीएल, सोनी ही नावे स्पीकरच्या जाळीवर दिसतात. असे नाव दिसले की कारागिराने आधी वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा शोध घ्यावा. नाव नसले तरी शोध घ्यावाच.

या रचनेत जुना सेट दोन कामे करीत असतो. एक, तो अ‍ॅम्प्लिफायरकडे आवाजाचा सौम्य सिग्नल पाठवतो. दोन, सेट चालू झाला की अ‍ॅम्प्लिफायरला "जागा हो" असा इशारा देतो. पुष्कळ गाड्यांत हा इशारा म्हणजे एका वायरीवर येणारे 12 व्होल्ट. नवा सेट बसवताना ही दोन्ही कामे त्याच्याकडून करून घ्यावी लागतात. एक जरी राहिले तरी तक्रार येते.

निळी आणि निळी-पांढरी

बाहेरून घेतलेल्या चांगल्या सेटच्या वायरींचे रंग बहुधा ठरलेले असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची, नारिंगी दिव्यांची. पांढरी, राखाडी, हिरवी आणि जांभळी या स्पीकरच्या, आणि त्यांच्याच रंगावर काळी रेघ असली की ती उणे बाजू.

याशिवाय दोन वायरी उरतात. नुसती निळी ही रेडिओच्या अँटेनासाठी. अनेक सेटमध्ये तिच्यावर फक्त रेडिओ चालू असतानाच 12 व्होल्ट येतात. निळी-पांढरी ही अ‍ॅम्प्लिफायरसाठी असते, आणि सेट चालू असेपर्यंत तिच्यावर 12 व्होल्ट राहतात. माझ्या गाडीत त्या मुलाने अ‍ॅम्प्लिफायरची वायर नुसत्या निळीला जोडली होती. कारण गाडीकडच्या कपलरमधील वायरही निळीच होती! रेडिओ लागला की अ‍ॅम्प्लिफायर जागा होई, मोबाईल लागला की झोपी जाई.

यावरून एक नियम पक्का करावा. रंगाला रंग पाहून कधीही जोडू नये. वरील रंग नव्या सेटचे आहेत. गाडीच्या वायरींचे रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठेवते.

काही कारागीर घाईत अ‍ॅम्प्लिफायरची वायर सरळ पिवळीला लावतात. आवाज येतो, पण अ‍ॅम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो आणि काही दिवसांत बॅटरी बसते. लालला लावली तर चावी फिरवताना स्पीकरमधून "धप्प" असा आवाज येतो, आणि सेट बंद असला तरी अ‍ॅम्प्लिफायर चालूच राहतो. निळी-पांढरी वायर फक्त इशाऱ्यासाठी आहे. तिच्यावर पंखा किंवा दिवा लावू नये, ती थोडाच करंट देऊ शकते.

तक्रारीवरून दोष ओळखा

उस्तादांनी त्या दुपारी आम्हा दोघांना बसवून जे समजावले, ते तक्रारींच्या क्रमाने देत आहे.

पडदा लागतो, पण आवाज अजिबात नाही: प्रथम सेटच्या मेनूत आवाज बंद केलेला नाही ना, हे पाहावे. मग अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज. त्यानंतर मीटर लावून अ‍ॅम्प्लिफायरच्या कपलरवर तीन गोष्टी तपासाव्यात: बॅटरीचे 12 व्होल्ट, पक्की अर्थ, आणि सेट चालू असताना इशाऱ्याचे 12 व्होल्ट. तिन्ही असून आवाज नसेल तरच सिग्नलकडे वळावे.

आवाज येतो, पण कमी ठेवला तरी फाटतो किंवा मागे सतत "सूं" येते: येथे बहुधा सेटच्या स्पीकरच्या वायरी थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या सौम्य सिग्नलच्या वायरींना जोडलेल्या असतात. मोठा केलेला आवाज पुन्हा मोठा होतो. सेटमागील आरसीए आउटपुट वापरावे, किंवा मध्ये सिग्नल कमी करणारा अडॉप्टर घालावा. कोणत्या गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरला कोणता सिग्नल लागतो, हे त्या गाडीच्या वायरिंगच्या नकाशावरून पाहावे.

इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टी वाढते: हा आवाज अल्टरनेटरचा आणि दोष बहुधा अर्थचा. अर्थच्या जागेचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा आणि स्क्रू घट्ट आवळावा. आरसीएची केबल आणि बॅटरीची जाड वायर एकाच बाजूने नेऊ नये.

आवाज पोकळ येतो, बास हरवतो: एखाद्या स्पीकरची अधिक-उणे बाजू उलटी झाली आहे. कपलर काढून त्या स्पीकरच्या जोडीला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. अधिक बाजू बरोबर असेल तर मोठ्या स्पीकरचा कागद बाहेर येतो. कोणती जोडी कोणत्या दाराची हेही याच युक्तीने कळते.

चावी बंद केली की घड्याळ आणि स्टेशने पुसली जातात: पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली आहे. आयएसओ कपलर असलेल्या फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांत या दोन जागा नेहमीपेक्षा उलट असतात, म्हणून तेथे हा दोष हमखास सापडतो.

सेट तापतो, मोठ्या आवाजात बंद पडतो: अ‍ॅम्प्लिफायर बाजूला काढून स्पीकर थेट सेटला जोडले असतील, तर स्पीकरचे ओहम मोजावेत. नवे सेट साधारणपणे 4 ओहमसाठी असतात आणि असा स्पीकर मीटरवर 3 ते 4 च्या दरम्यान दाखवतो. कंपनीच्या काही योजनांत 2 ओहमचे किंवा त्याहून कमी ओहमचे स्पीकर असतात. ते थेट जोडले तर सेटची चिप जाते.

आणखी एक धोका: सेटमधून निघणाऱ्या स्पीकरच्या उणे वायरीला अर्थ समजू नये. दोन्ही वायरींवर सुमारे 6 व्होल्ट असतात. त्यातील एक पत्र्याला लागली तर चांगला सेट जळू शकतो.

हात लावण्यापूर्वी

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची उणे बाजू काढावी. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये. बल्बचा टेस्टर जुन्या गाड्यांसाठी ठीक होता. आजच्या गाड्यांत संदेशाच्या बारीक वायरी असतात, बल्ब जास्त करंट ओढतो आणि महागडा भाग खराब होण्याची भीती असते. म्हणून मीटरच वापरावा.

काही गाड्यांत 12 व्होल्टच्या इशाऱ्याची वायरच नसते. अ‍ॅम्प्लिफायर संगणकी संदेशाने जागा होतो. 2001 च्या बीएमडब्ल्यू 7 सिरीजपासून अनेक युरोपीय गाड्यांत तर आवाज प्लास्टिकच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने जातो. आम्ही कापडवाले तंतूचा धंदा करतो, पण तंतूतून गाणे जाते हे मला त्या दिवशी कळले! अशा गाडीत वायर कापून काहीच साधत नाही. त्या मॉडेलसाठी बनवलेले इंटरफेसच घ्यावे लागते. ते मिळत नसेल तर काम नाकारावे. नाकारलेल्या कामाने कोणाचे नुकसान होत नाही.

गाडीचा मूळ कपलर कधी कापू नये. गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर घेतला तर थोडा खर्च येतो, पण जुना सेट केव्हाही परत बसवता येतो आणि गाडीच्या वॉरंटीवरून वाद होत नाही.

हिशेबाची बाजू

सेट काढण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर प्रत्येक स्पीकर वाजवून पाहावा आणि काय चालते, काय चालत नाही हे पावतीवर लिहून त्याची सही घ्यावी. काम झाल्यावर रेडिओ, ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, सर्व लावून दाखवावे. माझ्या वेळी फक्त रेडिओ दाखवला गेला, म्हणून दोष दुकानात न सापडता हमरस्त्यावर सापडला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी त्या मुलाला घेऊन दुकानात गेलो आणि मालकाला गाडी वाजवून दाखवली. माणूस समंजस निघाला. त्याने मुलाचा अडवलेला पगार माझ्यासमोर दिला आणि परत केलेला पहिला सेटही तपासून घेतला. तो पूर्णपणे चांगला होता. वायर चुकीची जोडली ही चूक मुलाची होतीच, पण ती दहा मिनिटांची चूक होती, 22 हजारांची नव्हे. त्याला ती कोणी शिकवलीच नव्हती.

ठाणात पट्टा पडला की आम्ही आधी सूत पाहतो, मग माग पाहतो, आणि विणकराला बोल लावायचा तो त्यानंतर. मोटारीच्या कामातही हाच क्रम ठेवावा. ज्यांच्या दुकानात मुले काम शिकत आहेत त्यांनी एक चांगला मीटर घेऊन द्यावा आणि तो वापरायला शिकवावे. उस्तादांनी त्या दुपारचे माझ्याकडून 200 रुपये घेतले. शिकवण्याचे काहीच घेतले नाही.