गाळ्यागाळ्याला कुलूप

भिवंडीच्या गोदामांत जागेचा हिशेब गाळ्यांवर चालतो. एका कंपाउंडात अनेक गाळे असतात, प्रत्येक गाळ्याला स्वतःचे शटर आणि स्वतःचे कुलूप असते, आणि फाटकावरचा पहारेकरी कितीही दक्ष असला तरी कोणताही व्यापारी रात्री आपले शटर उघडे टाकून घरी जात नाही. मोठ्या संस्थांच्या संगणकजाळ्यांत मात्र हा साधा व्यवहार कित्येक वर्षे पाळला गेला नाही; फाटकावर लाखो रुपये खर्च झाले आणि आतले गाळे सताड उघडे राहिले. आभासी जाळ्यांची सुरक्षित रचना हा विषय मुळात हीच चूक दुरुस्त करण्याचा आहे.

यंत्रमागांवर वाढलेल्या भिवंडीच्या भोवती माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या गावांच्या हद्दीत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि न्हावा शेवा बंदरात उतरणारा बराच माल मुंबई-ठाण्याच्या दुकानांत जाण्यापूर्वी येथे विसावतो. या गोदामांत आज कागदी वहीपेक्षा हातातल्या बारकोड स्कॅनरला अधिक काम असते. स्कॅनर, सीसीटीव्ही कॅमेरे, लेबल छापणारे प्रिंटर, वजनकाटा, साठ्याची नोंद आणि ई-वे बिल हे सारे एकमेकांशी बोलत असते, आणि ज्या सर्व्हरांशी ते बोलते ते बहुधा गोदामात नसून दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतात.

त्या डेटा सेंटरमध्ये प्रत्येक कामासाठी वेगळे यंत्र ठेवण्याची पद्धत आता मागे पडली आहे. एका ताकदवान यंत्रावर हायपरव्हायजर नावाची आज्ञावली बसवली जाते आणि ती त्या यंत्राची स्मृती व गणनशक्ती वाटून देऊन त्यातून दहा-वीस किंवा त्याहून अधिक आभासी संगणक उभे करते, ज्यांतला प्रत्येक संगणक आपण स्वतंत्र यंत्र आहोत असे समजूनच चालतो. या आभासी संगणकांना जोडणारा स्विचही आभासी असतो, म्हणजे तो धातूची पेटी नसून आज्ञावलीच असते. येथेच एक गोष्ट घडते, जी बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. साठ्याचा सर्व्हर आणि हिशेबाचा सर्व्हर एकाच यंत्रावर, एकाच आभासी स्विचला जोडलेले असतील, तर त्यांच्यातला संदेश कोणत्याही तारेवर येत नाही. तो यंत्राच्या स्मृतीतल्या स्मृतीत एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जातो आणि खोलीच्या दाराशी बसवलेल्या फायरवॉलला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांची झडती घेणाऱ्या यंत्रणेला, त्याचा पत्ताही लागत नाही. जाळ्याच्या आराखड्यात बाहेरचे जग वर काढण्याचा प्रघात असल्याने बाहेरून आत येणाऱ्या वाहतुकीला उभी आणि सर्व्हरा-सर्व्हरांतल्या वाहतुकीला आडवी म्हणता येईल. मागावरच्या माणसाला हे पटकन उमजेल: जुनी सुरक्षा केवळ ताण्यावर नजर ठेवत होती, आणि कापड तर बाण्यानेही विणले जात होते.

आडवी वाट मोकळी असल्याची किंमत काय असते, हे २७ जून २०१७ रोजी न्हावा शेव्याला दिसले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून सुटलेला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि तिच्याच समूहातील कंपनी चालवत असलेल्या न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलची संगणकव्यवस्था बंद पडून कंटेनरांचे काम हाताने करण्याची वेळ आली. नॉटपेट्या ज्या त्रुटीचा फायदा घेत होता तिच्यावरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. परंतु तो यंत्राच्या स्मृतीतून पासवर्डही उचलत असल्याने, दुरुस्ती केलेली यंत्रेही शेजारच्या यंत्रामुळे बळी पडली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले आणि कंपनीच्याच अंदाजानुसार तोटा २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेला. युक्रेनमधली ठिणगी उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली, कारण वाटेत तिला अडवणाऱ्या भिंती पुरेशा नव्हत्या. असाच दोष पुढे दिल्लीच्या एम्स रुग्णालयात निघाला: तेथे नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्याचे कारण जाळ्याचे विभाजन नीट नव्हते हे असल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले.

विभाजनाची कल्पना जुनीच आहे. एकाच तारेवरच्या वाहतुकीला क्रमांक देऊन तिचे वेगवेगळे कप्पे करणारी व्हीलॅन ही पद्धत अनेक वर्षे वापरात आहे. परंतु तिचा क्रमांक १२ बिटांचा असल्याने ४,०९६ कप्प्यांपुढे ती जात नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन या तिच्या विस्तारित पद्धतीच्या दस्तऐवजाने २४ बिटांचा क्रमांक दिला आणि कप्प्यांची संख्या सुमारे १ कोटी ६७ लाखांवर गेली. त्याहून महत्त्वाचा बदल असा, की फायरवॉलचा नियम आता खोलीच्या दाराशी न राहता प्रत्येक आभासी संगणकाच्या जोडणीवरच बसतो, आणि तो संगणक चालू स्थितीत एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवला तरी नियम त्याच्याबरोबर जातो. गाळा हलला तरी कुलूप त्यालाच राहते. याला सूक्ष्म विभाजन म्हणतात.

कुलूप स्वस्त झाले तरी किल्ली कोणाला द्यायची हा प्रश्न यंत्र सोडवत नाही, आणि रचनाकाराचे खरे काम येथेच असते. गोदामाचेच उदाहरण घेतले तर स्कॅनरने साठ्याच्या सर्व्हरशी बोलावे, हिशेबाच्या सर्व्हरशी बोलण्याचे त्याला काही कारण नाही. कॅमेऱ्याने चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राशी बोलावे, दुसऱ्या कोणाशीही नाही. कॅमेऱ्याची बाब क्षुल्लक नाही: २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. कोण कोणाशी बोलतो याची अशी यादी करायला बसले, की कोणालाच ठाऊक नसलेले संवाद वर येतात. कधी कित्येक वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कंत्राटदाराने उघडी ठेवलेली वाट सापडते, कधी प्रिंटरला सगळीकडे मुभा दिलेली आढळते. म्हणून शहाणा रचनाकार आधी काही आठवडे केवळ निरीक्षण करतो, मग ज्याला परवानगी नाही ते सारे बंद या तत्त्वावर येतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला कधी शाबासकी मिळत नाही, पण संस्थेचा जीव त्याच्यावरच अवलंबून असतो.

आभासीकरणाने एक नवा धोकाही आणला, आणि तो सांगितल्याशिवाय हा विषय प्रामाणिकपणे मांडता येत नाही. सगळे गाळे एकाच छपराखाली आले, की ते छप्परच महत्त्वाचे ठरते. २०१५ मध्ये व्हेनम नावाची त्रुटी उघड झाली, ती क्यूईएमयू या आज्ञावलीतील आभासी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये होती. फ्लॉपी कोणी वापरत नव्हते, पण २००४ पासूनचा तो भाग तसाच पडून होता आणि त्यातून एका आभासी संगणकातला माणूस भिंत ओलांडून मूळ यंत्रापर्यंत पोहोचू शकत होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये हजारो हायपरव्हायजरांवर खंडणीचा हल्ला झाला, तेव्हा त्यात वापरलेल्या वेगळ्या त्रुटीवरची दुरुस्ती दोन वर्षे आधीपासून उपलब्ध होती. यावरचा उपाय म्हणजे हायपरव्हायजरचे व्यवस्थापन ज्या जाळ्यावरून चालते ते रोजच्या कामाच्या जाळ्यापासून सर्वस्वी अलग ठेवणे आणि तेथील प्रवेशाला पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागणे.

वेळ आल्यावर तोडता येणे हाही रचनेचाच भाग असतो. जुलै २०२४ च्या अखेरीस, अनेक सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर खंडणीचा हल्ला झाला, तेव्हा मुंबईतील नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देशाच्या किरकोळ देयकव्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची गैरसोय झाली, पण आग पुढे गेली नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना ६ तासांत कळवणे आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. कोणता संदेश कोणत्या कप्प्यातून गेला हे ज्या जाळ्यात लिहिलेलेच नसते, तेथे ६ तासांत काय सांगायचे हा प्रश्नच उरतो.

तुटलेपण कसे वाचवते हे नॉटपेट्याच्या त्या हल्ल्यातच दिसले होते. मर्स्कच्या जाळ्यात कोणाला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर होते; ते एकमेकांच्या प्रती ठेवत असल्याने वेगळी, जाळ्याबाहेरची प्रत कोणी ठेवली नव्हती, आणि ते जवळजवळ एकाच वेळी पुसले गेले. त्यांतला एकच वाचला, तो घाना देशातला, कारण हल्ल्याच्या सुमारास तेथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. तेथील इंटरनेट इतके मंद होते की ती माहिती तारेवरून पाठवणे शक्य नव्हते. अखेर एका कर्मचाऱ्याने डिस्क घेऊन नायजेरिया गाठले, तेथील विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती विमानाने इंग्लंडला पोहोचवली.