घाटातली परकी झाडं

यंदा एका प्रदर्शनात बोरघाटाचा लघुदेखावा पाहिला. बोगदे अस्सल, कर्जतहून गाडीला मागून रेटणारी बँकर इंजिनंही हुबेहूब. आणि डोंगरउतारावर युरोपातले फर वृक्ष, पाकिटातून काढून टोचलेले! ते मनाला फार लागलं.

लघुरेल्वेच्या या छंदातली माझी सुरुवातीची वर्षं काडीवर हिरवा स्पंज चिकटवण्यात गेली. खरं शिक्षण झालं नव्वदच्या दशकात. परदेशी माल आवाक्याबाहेर होता. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर 'रेल्वे मॉडेलर'चे जुने अंक मिळत. त्यांत इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयातले देखावे पाहून आम्हा छांदिष्ट मंडळींना उमगलं, की झाडाची जात ओळखू आली पाहिजे.

मग झाडं स्वतःच करू लागलो. वायरमनकडे उरलेली केबल सोलायची. तांब्याच्या तारांच्या जुडग्याला खाली पीळ दिला की खोड. वर जुडगा अर्धा अर्धा वाटत एकेक तार उरेपर्यंत फांद्या. त्यावर फेव्हिकॉल आणि बारीक भुशाचा लेप. खोडाला तपकिरी रंग फासायचा नाही. आंब्याखाली उभं राहून पाहा, साल राखाडीकडे झुकलेली दिसते. पानांसाठी गादीचा फोम पाणी घालून मिक्सरमध्ये बारीक करायचा, रंगवून, वाळवून चाळायचा. वडाच्या पारंब्या सुतळीच्या धाग्यांच्या. रविवारी माथेरानला जाऊन जांभूळ आणि हिरडा यांचे आकार वहीत काढायचे. ती मंडळी आता पांगली, काही गेलीही. त्या वह्या कुणाकडे आहेत, कोण जाणे.

उंचीबद्दल आम्ही हट्टी होतो. १:८७ प्रमाणात पंधरा मीटरचा आंबा सतरा सेंटिमीटरचा होतो, चार मीटर उंचीचा डबा साडेचारच्या आसपास. विकतची बरीच झाडं सात-आठ सेंटिमीटरची. त्यांच्याशेजारी डबा राक्षसी दिसतो.

त्या दशकातल्या एका स्पर्धेत आमच्या वडाला डावलून प्लायवूडवर हिरवा रंग फासलेल्या देखाव्याला बक्षीस मिळालं, कारण त्यावर आयात केलेलं इंजिन धावत होतं. झाडं म्हणजे नुसती भर, असं परीक्षक म्हणाले. तो निकाल चुकीचा होता, हे मी आजही म्हणेन. इंजिन पैसे टाकून आणता येतं. तो वड मात्र हातांनी घडवला होता.

१९९८ साली कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय सुरू झालं आणि या छंदाला पुण्यात हक्काची जागा मिळाली, याचा फार आनंद झाला. त्यानंतरची वर्षं खरेदीची. पाकिटं आली, मग ऑनलाइन दुकानं आली, आणि झाडाकडे पाहणंच थांबलं.

घाट उभारणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. पहिलं झाड काटेसावरीचं करा, फेब्रुवारीतलं, पानं झडलेलं. तिच्या फांद्या खोडाभोवती टप्प्याटप्प्यानं आडव्या फुटतात आणि चूक झाकायला पानं नसतात. तांब्याची तार कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.