निद्रिस्त विषाणू

अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १९७१ साली जन्मलेल्या डेव्हिड व्हेटरच्या रक्तात रोगाशी झुंजण्याचे सामर्थ्यच उपजत नसल्यामुळे त्याला जन्मताच प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कोठीत ठेवण्यात आले, आणि अन्न, पाणी, खेळणी, जे म्हणून त्याच्याकडे जाई ते शुद्ध करूनच आत सोडण्याचा शिरस्ता बारा वर्षे पाळला गेला. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याला बहिणीची अस्थिमज्जा देण्यात आली. दोघांचा मेळ पुरता जमत नव्हता, म्हणून तीतील, परक्या देहावर उलटू शकणाऱ्या टी-पेशी अगोदरच काढून टाकल्या होत्या. एवढ्या कडेकोट बंदोबस्तात जे कधी शिरले नव्हते ते त्या दानाबरोबरच आत गेले. निरोगी माणसाच्या अंगात जन्मभर निमूट पडून राहणारा एपस्टाइन-बार विषाणू डेव्हिडच्या देहात जागा झाला, त्याने लसिकापेशींचा कर्करोग उत्पन्न केला, आणि २२ फेब्रुवारी १९८४ रोजी तो मुलगा गेला.

अस्थिमज्जेतील मूळपेशींच्या अशा रोपणानंतर मुलांना विषाणू बाहेरूनच गाठतात ही समजूत अर्धीच खरी आहे. आपल्या देशात बहुतेकांच्या शरीरात सायटोमेगॅलो विषाणू बाळपणापासून वास करून असतो. मूत्रपिंडांत बीके विषाणू दडलेला असतो, आणि अॅडिनो विषाणू मुलांच्या घशात व आतड्यात मुक्काम करून राहतो. त्यांच्यावर पहारा असतो टी-पेशींचा. रोपणापूर्वीच्या तीव्र औषधांनी जुनी मज्जा नष्ट होते, तेव्हा हा पहाराही उठतो; जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दोन-चार आठवड्यांत परततात, परंतु टी-पेशींची फौज पुन्हा उभी राहण्यास कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो.

त्या महिन्यांत दर आठवड्याला जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतले जाते, आणि कागद हाती येताच आई पहिला प्रश्न विचारते, ‘‘कॉपी किती आल्या?’’ कॉपी म्हणजे रक्तात मोजलेल्या विषाणूंच्या प्रती. त्या वाढल्या की ताप येण्याची वाट न पाहता औषध सुरू करतात. पण सायटोमेगॅलोवरचे गॅन्सिक्लोव्हिर नव्याने रुजणाऱ्या मज्जेलाच दाबते आणि सिडोफोव्हिर मूत्रपिंडांना इजा करू शकते, ही या इलाजातली मोठी अडचण आहे. म्हणूनच मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात क्लिओना रूनी, हेलन हेस्लॉप प्रभृतींनी दात्याच्या टी-पेशींना प्रयोगशाळेत एपस्टाइन-बार विषाणूची ओळख शिकवून त्या मुलांना देण्याचा जो मार्ग १९९५ साली प्रसिद्ध केला, त्याचे मोल मला औषधांहून अधिक वाटते: तेथे गेलेला पहाराच परत नेमला जातो.

जुन्या मज्जेबरोबर पूर्वी टोचलेल्या लसींचे स्मरणही बहुधा पुसले जाते. त्यामुळे बरे होऊन शाळेत जाऊ लागलेल्या मुलालाही घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, सारे पुन्हा टोचून घ्यावे लागते, आणि गोवराच्या जिवंत लसीसाठी तर सहसा दोन वर्षे थांबावे लागते. लसीकरणाच्या बाकावर, आयांच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळांच्या रांगेत, दप्तर पाठीला लावलेले असे एखादे मूल आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले असते.