कालव्याच्या शेपटाची माणसे

श्रीगोंद्यात उन्हाळा तापू लागला की चहाच्या टपरीपासून मशिदीच्या ओट्यापर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : कुकडीचे आवर्तन कधी सुटणार? धरणे जुन्नरकडे आणि कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातो. मुखाजवळची पिके भिजतात तेव्हा शेपटाकडचा लिंबूवाला कोरड्या चारीकडे बघत असतो. बैठका होतात, तारखा जाहीर होतात. शेपटाकडचा माणूस मात्र पाणी बांधावर आल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

जगातल्या हवामान परिषदा समजून घ्यायला आम्हाला याहून सोपे उदाहरण नाही. कोळसा आणि तेल जाळून जे देश आधी श्रीमंत झाले, ते मुखाजवळचे. आजही एका अमेरिकन माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतीयामागे साधारण २ टन. म्हणूनच १९९२ च्या करारात तत्त्व मान्य झाले की जबाबदारी सर्वांची आहे, पण सारखी नाही. १९९५ पासून या कराराच्या परिषदा भरत आल्या आहेत.

वायदे काय झाले ते पाहू. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी सांगितले की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०,००० कोटी डॉलर उभे करू. तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता. २०२४ मध्ये बाकूला विकसनशील देशांची मागणी वर्षाला १,३०,००० कोटी डॉलरची होती. पदरात पडले ३०,००० कोटींचे आश्वासन, तेही २०३५ पर्यंतचे. भारताने सभागृहातच नाराजी नोंदवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेमला हवामानाशी जुळवून घेण्याचा निधी २०३५ पर्यंत तिप्पट करण्याचे आवाहन झाले. पण कोळसा-तेल सोडण्याचा आराखडा ऐंशीहून अधिक देशांनी मागूनही अंतिम मसुद्यात आला नाही.

मग हे सारे व्यर्थच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ च्या पॅरिस करारापूर्वी शतकाअखेर तापमान साडेतीन ते चार अंशांनी वाढेल असा अंदाज होता. आजची धोरणे तशीच राहिली तर तो पावणेतीन अंशांच्या आसपास येतो. फरक पडला आहे, पण पुरेसा नाही. ठरलेली मर्यादा दीड अंशाची, आणि २०२४ या एका वर्षात जग ती ओलांडून गेले.

शेपटाला याची झळ कशी लागते? तापलेली हवा जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा जास्त कोसळतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा, सोलापूर आणि आपल्या जिल्ह्यातही उभी पिके पाण्यात गेली. एकाच पुराचे सगळे खापर हवामानबदलावर फोडता येणार नाही. पण १९७२ चा दुष्काळ सांगणाऱ्या आमच्या दादी-नानींच्या तालुक्यात आता दुष्काळ आणि अतिवृष्टी या दोन्हींची धास्ती घेऊन पेरणी करावी लागते. टँकर आला की हंडे घेऊन धावतात त्या घरातल्या बायका आणि शाळा बुडवलेल्या मुली.

वायदा ही इस्लाममध्ये हलकी गोष्ट नाही. दिलेल्या शब्दाचा जाब द्यावा लागेल, ही कुरआनची शिकवण आहे. श्रीमंत देशांना तो जाब विचारलाच पाहिजे. पण आपणही कुणाच्या तरी मुखाशी बसलो आहोत. कमी पावसाच्या तालुक्यात ऊस आपणच वाढवला, बोअर खोल आपणच नेले. आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. तिथे पाऊस मोजून ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिके ठरवते. त्यासाठी ते गाव कोणत्या परिषदेची वाट बघत बसले नाही.

हजरत पैगंबर (स.) एका मुद्दात, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वुजू करीत. आपल्या वुजूखान्यात नळ सोडून गप्पा चालतात. ते पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांना वळवणे प्रत्येक जमातीला जमण्यासारखे आहे.

पुढची परिषद नोव्हेंबर २०२६ मध्ये तुर्कस्तानात, अंतालियाला आहे. तिथे पुन्हा आकडे जाहीर होतील. बातमी वाचताना मुलांना एवढे जरूर विचारायला शिकवा : आवर्तन सुटले म्हणता, पण शेपटाला पाणी पोहोचले का?