चौकट : सीएलआर हवेत का उडाली?

१९९९च्या ‘ल मां २४ तास’ शर्यतीच्या आठवड्यात मर्सिडीजची सीएलआर ही शर्यतीची गाडी तीनदा हवेत उलटली. शर्यतीआधी दोनदा चालक मार्क वेबर आत होता. प्रत्यक्ष शर्यतीत पीटर डम्ब्रेकची गाडी कठड्यापलीकडच्या झाडीत पडली. दोघेही वाचले, हे नशीबच.

दोष इंजिनाचा नव्हता, मांडणीचा होता. चाकांच्या पुढे-मागे गाडी फार लांब, तळ सपाट. दुसऱ्या गाडीच्या मागे धावताना नाकावरचा हवेचा दाब घटे. त्यातच रस्त्याला उंचवटा आला की नाक उचले, तळाखाली वारा शिरे आणि वावटळीत छपराचा पत्रा उडावा तशी गाडी उडे.

वेबरच्या पहिल्या अपघातानंतरच माघार घ्यायला हवी होती. त्याऐवजी नाकाला छोटे पंख जोडून गाड्या शर्यतीत उतरवल्या. डम्ब्रेकनंतर उरलेली गाडी मागे घेतली. सीएलआर पुन्हा शर्यतीत धावली नाही.