खरी किंमत सांग, नाहीतर माल दे!

समजा, तुम्ही डेन्मार्कचे राजे आहात. तुमच्या किल्ल्यासमोर, हेल्सिंगोर गावापाशी, समुद्र अगदी चिंचोळा होतो. रुंदी जेमतेम ४ किलोमीटर! ही ओरेसुंडची सामुद्रधुनी. बाल्टिक समुद्रात जायचं तर बहुतेक जहाजांना हीच वाट. मग काय, १४२९च्या सुमारास राजा एरिकने इथे जकात बसवली. टोलनाक्यावर ट्रक थांबतात ना, तशी परदेशी जहाजं इथे नांगर टाकू लागली. न थांबता सटकलं, तर किल्ल्यावरच्या तोफा होत्याच.

पुढे मालाच्या किमतीवर जकात ठरू लागली. पण एकेक पोतं उपसून बघायचं तर दिवसच्या दिवस जाणार. कप्तानाला विचारावं, तर तो किंमत कमीच सांगणार. तुम्ही काय केलं असतं? पुढे वाचण्याआधी जरा डोकं चालवा.

राजाचा नियम असा: किंमत कप्तानानेच सांगायची, पण राजाच्या मनात आलं तर त्याच किमतीला तो माल विकत घेणार! आता बघा गंमत. शंभर नाण्यांचं मीठ वीस नाण्यांचं सांगितलं, तर राजा वीस नाणी देऊन सगळं मीठ उतरवून घेणार. दीडशे सांगितली, तर जकात उगाच जास्त. म्हणजे खरं बोलण्यातच फायदा! इतका हुशार नियम मी क्वचितच वाचला आहे.

भांडण पेटलं ते वेगळ्याच मुद्द्यावरून. अमेरिका म्हणाली, समुद्र सगळ्यांचा, मग नुसतं जाण्यायेण्याचे पैसे कसले? १८५५ साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांच्या सरकारने डेन्मार्कला वर्षभराची मुदत देऊन जुना करार मोडत असल्याचं कळवलं. डेन्मार्क पेचात पडला. एकाला माफी दिली, तर बाकीचे कशाला देतील?

अखेर १८५७ साली कोपनहेगनमध्ये तह झाला. युरोपातल्या देशांनी एकरकमी भरपाई दिली आणि जकात कायमची बंद झाली. अमेरिकेने वेगळा करार करून ३,९३,०११ डॉलर दिले. त्या बदल्यात वाट मोकळी ठेवायची आणि दीपगृहं, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा नीट राखायच्या, हे डेन्मार्कने कबूल केलं. मला हे रास्त वाटतं. खडकापासून वाचवणाऱ्या दिव्याला तेल लागतंच की!

जकातीच्या वह्या मात्र कोपनहेगनला जपून ठेवल्या आहेत. कुठलं जहाज, कप्तान कोण, माल काय, अशा सुमारे १८ लाख नोंदी त्यांत आहेत, आणि आता त्या संगणकावर कुणालाही पाहता येतात.